दूध, वारा आणि लोहारशाळा



उद्योगाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लँकेशायरच्या गिरण्या येतात, जर्मनीचे पोलाद येते, अमेरिकेची मोटार येते. खाली कोळसा, शेजारी लोखंड, पाठीशी भांडवल आणि समोर साम्राज्याची बाजारपेठ, असा हा इतिहास असतो. आज मी अशा देशाबद्दल बोलणार आहे ज्याच्याकडे यांतले काहीही नव्हते. डेन्मार्कचे क्षेत्रफळ साधारण ४३,००० चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रात असे सात देश मावतील. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. जमीन इतकी सपाट की सगळ्यात उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून १७१ मीटर. आपले पुणे त्याच्या तिपटीहून अधिक उंचीवर आहे. त्यामुळे धबधबे नाहीत, पाण्यावर चालणारे मोठे कारखाने नाहीत. खाणीही नाहीत. आणि तरीही लोणी, सिमेंटची यंत्रे, इन्सुलिन आणि पवनचक्क्या या चारही गोष्टींत या देशाने जगाला मागे टाकले. हे कसे झाले, याचे उत्तर मला प्रयोगशाळेपेक्षा सभासदांच्या बैठकीत अधिक सापडते. ते आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

सुरुवात एका पराभवापासून करावी लागेल. १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्क हरला. दक्षिणेकडचे समृद्ध प्रांत गेले आणि त्यांच्याबरोबर राज्याची एक-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या गेली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत दुसरा घाव बसला. अमेरिकेतून आणि रशियातून आगगाडी आणि आगबोटीने स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि धान्याचे भाव कोसळले. डेन्मार्कची निर्यात धान्याची होती. जर्मनी आणि फ्रान्स यांनी आयातीवर जकात बसवली. डॅनिश शेतकऱ्यांनी निराळा मार्ग धरला. धान्य स्वस्त झाले असेल तर ते विकत घेऊन जनावरांना घालायचे आणि आपण लोणी, बेकन आणि अंडी विकायची. गिऱ्हाईक होते इंग्लंड. तिथल्या कामगारांच्या हाती पैसा आला होता आणि त्यांना न्याहारीला हेच हवे होते.

ठरवणे सोपे, करणे अवघड. लोणी तेव्हाही होत होते, पण चांगले लोणी फक्त मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर होई. कारण तांत्रिक होते. दूध उथळ भांड्यांत ओतून थंड तळघरात दिवस-दीड दिवस हलू न देता ठेवायचे, मग साय वर येते आणि ती काढून घुसळायची. यासाठी एका वेळी भरपूर दूध हवे, बर्फ हवा, तळघर हवे, राबणाऱ्या अनुभवी बायका हव्यात. चार-पाच गायी असलेल्याकडे यातले काय असणार? आणि पाच घरचे दूध गाडीत घालून एकत्र आणावे, तर खाचखळग्यांच्या रस्त्यावर ते इतके हिंदकळते की नंतर साय नीट धरत नाही. म्हणजे छोट्या शेतकऱ्यांनी एकत्र यावे ही इच्छा कितीही असली तरी दुधाचा स्वभावच त्यांच्या आड येत होता.

१८७८ च्या सुमारास हा अडसर दूर झाला. स्वीडनमध्ये द लावाल यांनी आणि डेन्मार्कमध्ये एल. सी. नील्सन यांनी जवळजवळ एकाच वेळी सतत चालणारे साय काढण्याचे यंत्र तयार केले. गरगर फिरणाऱ्या भांड्यात जड दूध कडेला जाते, हलकी साय मध्याशी गोळा होते आणि दोन्ही वेगवेगळ्या तोटीतून बाहेर पडतात. दूध कितीही हिंदकळलेले असो, किती घरांचे मिसळलेले असो, फरक पडत नाही. ज्याला आपल्याकडच्या डेअरीत आजही नुसते ‘सेपरेटर’ म्हणतात, तेच हे यंत्र.

आता खरा प्रश्न आला. यंत्र महाग, ते चालवायला वाफेचे इंजिन हवे, त्याला परदेशी कोळसा हवा. मालक कोण? दुसऱ्या कोणत्याही देशात याचे उत्तर ठरलेले असते: ज्याच्याकडे पैसा तो यंत्र आणतो आणि बाकीचे त्याला दूध घालतात. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी वेगळा करार केला. सगळ्यांनी मिळून कर्जाची जबाबदारी घ्यायची. घरापुरते ठेवून उरलेले सगळे दूध याच डेअरीत घालायचे, दुसरीकडे नाही. नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा. आणि बैठकीत मत एका माणसाला एक, मग त्याच्या गोठ्यात दोन गायी असोत की चाळीस. १९०० च्या सुमारास देशभर अशा हजाराच्या आसपास सहकारी डेअऱ्या होत्या. अठरा वर्षांत! मला उद्योगाच्या इतिहासात यापेक्षा वेगाने पसरलेली संस्था सहसा आठवत नाही, आणि ती वरून कोणी पसरवली नव्हती.

या डेअरीच्या दारातून पुढे काय काय निघाले ते पाहा. साय काढून घेतल्यावर उरलेले सपरेट दूध सभासदांना परत मिळायचे; ते डुकरांना घातले जाई. म्हणून डुकरे वाढली. १८८७ साली जर्मनीने रोगराईच्या कारणावरून जिवंत डॅनिश डुकरांची आयात बंद केली. त्याच वर्षी होर्सेन्स गावात पहिला सहकारी बेकन कारखाना निघाला आणि माल इंग्लंडकडे वळला. पण शेकडो गोठ्यांचे दूध एकत्र मिसळून परत वाटायचे म्हणजे एका गोठ्यातला क्षय सगळ्या गोठ्यांत वाटायचा. पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी हे दाखवून दिले आणि १८९८ मध्ये परत जाणारे दूध तापवूनच द्यायचे असा कायदा झाला. एका यंत्रातून सहकार आला, सहकारातून रोगाचा धोका आला आणि धोक्यातून सार्वजनिक आरोग्याचा कायदा आला. प्रत्येक पायरीवर मोजमाप वाढत गेले. कोणाच्या दुधात किती स्निग्धांश, कोणत्या तापमानाला साय कशी आंबते, लोण्यात किती पाणी, हे प्रश्न रोजच्या जेवणाइतके नित्याचे झाले, कारण त्यांच्या उत्तरावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला हिशोब अवलंबून होता.

याच साखळीचे टोक मला इन्सुलिनमध्ये दिसते. १९२२ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग पत्नी मारी यांच्यासह अमेरिकेत गेले. मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. टोरांटोमध्ये नुकत्याच लागलेल्या शोधाची माहिती आणि तयार करण्याची परवानगी घेऊन क्रोग परतले आणि हेगेडॉर्न या तरुण डॉक्टरांबरोबर काम सुरू झाले. तेव्हा इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. कत्तलखाने शिस्तीचे, माल ताजा आणि मोजून मिळणारा. अशा देशात हे काम रुजायला वेळ लागला नाही. आपल्याकडच्या मधुमेहींच्या फ्रिजमध्ये ज्या कंपनीचे पेन असते, त्या नोव्हो नॉर्डिस्कची मुळे तिथवर जातात.

शेतकऱ्यांना हे सगळे सुचले कसे, ते झेपले कसे? याला एक उत्तर शाळेत आहे. निकोलाइ ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाची कल्पना होती की शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी अशा शाळा हव्यात जिथे परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास, भाषा, गाणी आणि चर्चा आहे. पहिली लोकशाळा १८४४ साली रोडिंग गावी निघाली. १८६४ नंतर ते गाव प्रशियाकडे गेले तेव्हा शिक्षकांनी नवी सीमा ओलांडली आणि जवळच आस्कोव इथे १८६५ मध्ये शाळा पुन्हा मांडली. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की पोरे येत आणि काही महिने राहून जात. या शाळांनी लोणी कसे काढावे हे शिकवले नाही. सभेत उभे राहून बोलावे कसे, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे कसे आणि मतदानात हरल्यावर संस्था सोडून न जाता टिकावे कसे, हे शिकवले. सहकारी संस्थेला लागणारा खरा कच्चा माल हाच, असे माझे ठाम मत आहे.

याच आस्कोवमध्ये १८७८ साली पौल ला कूर नावाचा भौतिकशास्त्राचा शिक्षक आला. हवामानशास्त्रात काम केलेला, तारायंत्राच्या शोधांत नाव कमावलेला हा माणूस राजधानी सोडून खेड्यातल्या शाळेत येतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. त्याला एक गोष्ट बोचत होती. शहरांत वीज येऊ घातली होती. खेडी अंधारात राहिली तर सगळी हुशार माणसे शहराकडे निघून जातील. डेन्मार्कच्या खेड्याकडे फुकट मिळणारी एकच शक्ती आहे, ती म्हणजे वारा. १८९१ मध्ये सरकारी अनुदानातून त्याने आस्कोवमध्ये प्रयोगाची पवनचक्की उभारली.

वारा तर लहरी. तो नसेल तेव्हा काय? ला कूरचा उपाय आजच्या बातम्यांतला वाटावा असा होता. पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करायचे, हायड्रोजन साठवायचा आणि त्यावर दिवे लावायचे. १८९५ पासून काही वर्षे आस्कोवची शाळा हायड्रोजनच्या दिव्यांनी उजळत होती. त्यात ऑक्सिजन मिसळून स्फोट झाल्याने खिडक्यांच्या काचा फुटल्याचेही सांगतात. आज जगभर ‘हरित हायड्रोजन’वर परिषदा भरतात, त्यातल्या किती जणांना या शाळेचे नाव माहीत असेल?

पण त्याचे मोठे काम मला हायड्रोजनपेक्षा दुसरे वाटते. त्याने छोटा वायुबोगदा बांधला, त्यात पात्यांचे नमुने ठेवून मोजमापे घेतली आणि दाखवले की थोडी पाती आणि जलद फिरणारे चाक हेच वीजनिर्मितीला फायद्याचे. गिरणीवाल्यांचा पिढीजात समज उलटा होता. हे निष्कर्ष त्याने छापून सर्वांना खुले केले. मग १९०४ पासून खेड्यांतल्या तरुणांसाठी विजेचे अभ्यासक्रम सुरू केले. पवनचक्की उभारणारा, वायरी ओढणारा, बॅटऱ्या सांभाळणारा माणूस त्याच गावचा असला पाहिजे हा त्याचा आग्रह होता. पहिल्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांत सतरा वर्षांचा योहानेस यूल होता. हे नाव लक्षात ठेवा.

मधली चाळीस वर्षे मी भरभर ओलांडतो. डिझेल इंजिने आली, मोठी वीजकेंद्रे आली, प्रत्यावर्ती विजेचे जाळे खेड्यापर्यंत पोहोचले आणि पवनचक्क्या अडगळीत गेल्या. दोन्ही महायुद्धांत इंधन तुटले तेव्हा त्या परत फिरू लागल्या, शांतता आली की पुन्हा थांबल्या.

यूल एका वीज कंपनीत अभियंता झाला होता. निवृत्तीच्या वयाला टेकल्यावर त्याने जुना विषय पुन्हा हाती घेतला. १९५७ साली देशाच्या दक्षिण टोकाला गेडसर इथे त्याने २०० किलोवॉटची चक्की उभी केली. तीन पाती, वाऱ्याकडे तोंड आणि मुद्दाम राखलेला साधेपणा. जनित्र थेट विजेच्या जाळ्याला जोडलेले, त्यामुळे चाकाचा वेग जाळेच धरून ठेवते. वारा फार वाढला तर पात्यांवरचा हवेचा प्रवाह आपोआप सुटतो आणि शक्ती वाढायची थांबते. त्यासाठी वेगळी यंत्रणा नको. आणि जाळे तुटून चाक बेफाम सुटलेच, तर पात्यांची टोके वळून ब्रेकचे काम करतात. ही चक्की दहा वर्षे जवळजवळ बिनदुरुस्तीची चालली. १९६७ मध्ये बंद झाली, कारण तेल स्वस्त होते.

१९७३ च्या तेलसंकटाने हे गणित उधळले. डेन्मार्कच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग आयात तेलावर होता. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी आली. वीज कंपन्यांनी आणि सरकारने अणुऊर्जेकडे बोट दाखवले. लोकांनी विरोध संघटित केला, वर्षानुवर्षे वाद घातला आणि १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जा आराखड्यातून काढून टाकली. पण नुसता विरोध करून वीज मिळत नाही, हे याच लोकांना चांगले कळत होते.

हेर्निंगजवळच्या एका खेड्यात क्रिस्टियन रीसेगर नावाचा सुतार होता. त्याने यूलची चक्की डोळ्यांसमोर ठेवली आणि लाकूड, जुने ट्रकचे भाग, बाजारात मिळणारी मोटार यांतून २२ किलोवॉटचे यंत्र तयार केले. १९७६ च्या सुमारास ते जाळ्याला जोडलेले होते आणि शेजारी ते विकत मागू लागले. ट्विंड इथल्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची चक्की स्वतःच्या हातांनी बांधली. जगातली तेव्हाची ती सर्वांत मोठी. ती आजही उभी आहे. पात्याचे बूड फायबरग्लासमध्ये कसे गुंफायचे ही तिथे सुटलेली अडचण पुढे इतर कारागिरांच्या कामी आली.

मग खेड्यातल्या वर्कशॉपांनी उडी घेतली. लेम गावात १८९८ साली एका लोहाराने भाता मांडला होता. त्याच्या मुलाने काढलेली वेस्टास कंपनी घरगुती वस्तू, दूध थंड करायची साधने, शेतीच्या गाड्या आणि क्रेन बनवायची. १९७९ मध्ये तिने पवनचक्की विकायला काढली. मूळ आराखडा एका लोहाराचा आणि एका तरुण विद्यार्थ्याचा. बोनस ही कंपनी शेताला पाणी देण्याची उपकरणे करणाऱ्यांची, नॉर्डटँक टाक्या करणाऱ्यांची. त्यांना वायुगतिशास्त्र येत नव्हते. चिखलात, पावसात, अडाणी वापरातही मोडू नये असे यंत्र कसे करावे, हे मात्र पक्के येत होते.

इथे मला आजच्या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. १९७८ मध्ये चक्क्यांच्या मालकांची संघटना झाली. तिच्या मासिकात दर महिन्याला सभासदांच्या चक्क्यांनी किती वीज दिली आणि काय बिघडले, हे नावनिशीवार छापले जाई. कंपनीला आपले अपयश लपवता येईना. चाक सुटून अपघात झाले तेव्हा याच संघटनेने आग्रह धरला की प्रत्येक यंत्राला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत. रिसो ही मुळात नील्स बोर यांच्या पुढाकाराने अणुसंशोधनासाठी उभी राहिलेली संस्था. तिथे छोट्या पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र निघाले. सरकारने खर्चाच्या तीस टक्के अनुदान जाहीर केले, पण फक्त रिसोने तपासून मान्य केलेल्या यंत्राला. गिऱ्हाईक, कारागीर आणि शास्त्रज्ञ एकाच टेबलाभोवती, आणि आकडे सगळ्यांसमोर उघडे. सायीचा स्निग्धांश मोजणाऱ्या डेअरीची सवय इथे शंभर वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

तुलना करा. जर्मनीने त्याच काळात उत्तर किनाऱ्यावर १०० मीटर व्यासाची, ३ मेगावॉटची ग्रोवियान चक्की उभारली. मोठमोठ्या कंपन्या, मोठा निधी. १९८३ मध्ये सुरू झालेली ती चक्की एकूण चारशे-साडेचारशे तासच चालली आणि मोडीत निघाली. अमेरिकेत नासाच्या देखरेखीखाली विमाने बनवणाऱ्या कंपन्यांनी महाकाय यंत्रे केली. त्यांचा व्यापार कधी उभा राहिला नाही. आणि विशेष म्हणजे याच नासाला माहिती हवी होती म्हणून सत्तरच्या दशकात यूलची बंद पडलेली गेडसरची चक्की दुरुस्त करून पुन्हा फिरवावी लागली. डॅनिश लोक २२ वरून ५५ किलोवॉटवर गेले, तिथून पुढे एकेक पायरी चढले. प्रत्येक पायरीची चूक पुढच्या पायरीआधी छापून आलेली असे.

याचा अर्थ रस्ता निष्कंटक होता असे नाही. कॅलिफोर्नियात करसवलतीमुळे चक्क्यांची लाट आली तेव्हा डॅनिश यंत्रे जहाजे भरभरून गेली. सवलत संपली आणि १९८६ मध्ये वेस्टाससुद्धा बुडता बुडता वाचली. तरीही १९९१ मध्ये विंडेबी इथे समुद्रातल्या पहिल्या पवनप्रकल्पाच्या अकरा चक्क्या फिरू लागल्या. २००० साली कोपनहेगनच्या समोर मिडलग्रुंडनला वीस उभ्या राहिल्या. त्यांतला निम्मा वाटा आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेचा. त्या सुमारास देशातल्या एक लाखाहून अधिक कुटुंबांचा कोणत्या ना कोणत्या चक्कीत भाग होता. आज डेन्मार्कच्या विजेचा निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्यातून येतो.

या देशाचा आपल्याशी थेट संबंध आहे, तो सांगायलाच हवा. ऑलबोर्गजवळच्या चुनखडीवर वाढलेली एफ. एल. स्मिथ ही डॅनिश कंपनी सिमेंटची यंत्रे जगभर बसवत असे. तिचे दोन अभियंते, हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, याच कामासाठी भारतात आले आणि १९३८ मध्ये त्यांनी मुंबईत भागीदारी मांडली. सुरुवातीचा धंदा होता डेन्मार्कहून दुग्धयंत्रे आणून विकण्याचा. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क बळकावला, माल येणे थांबले. तेव्हा दोघांनी इथेच लहानसे वर्कशॉप घालून ती यंत्रे बनवायला घेतली. पवईचा कारखाना, लार्सन अँड टुब्रोचे आजचे साम्राज्य, सगळे त्यातून वाढले. होल्क-लार्सन इथेच राहिले आणि २००३ मध्ये मुंबईतच वारले.

सहकार आपल्यालाही परका नाही. लोणी या गावी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, ही जगाने दखल घ्यावी अशी गोष्ट आहे. पण मला जी उणीव बोचते ती अशी: आपल्या सभासदाला मत मिळाले, मोजमाप मिळाले नाही. काट्यावर उसाचे वजन किती, उतारा किती, दुधाला फॅट किती लागली, हे आकडे त्याला सांगितले जातात. ते तपासण्याचा सराव आणि अधिकार त्याच्या हाती क्वचितच येतो. यंत्राबद्दल प्रश्न विचारणारा सभासद आपण घडवला नाही.

वाऱ्याचेही तसेच. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या. धुळे जिल्ह्यात साक्रीकडेही. गुंतवणूकदार आले ते मुख्यतः पहिल्याच वर्षी मिळणाऱ्या घसाऱ्याच्या करसवलतीसाठी. चक्की किती वीज देते यापेक्षा ती उभी आहे याला मोल आले. पठारावरच्या शेतकऱ्याने जमीन दिली. चक्कीत त्याचा भाग नाही, तिच्या आकड्यांवर त्याची नजर नाही.

डेन्मार्कमध्येही वारे बदलले आहे. यंत्रे अवाढव्य झाली, मालकी कंपन्यांकडे आणि निधींकडे गेली आणि गावोगाव नव्या चक्क्यांना विरोध सुरू झाला. त्यावर उपाय म्हणून २००८ च्या कायद्याने असे ठरवले की जमिनीवरच्या नव्या चक्कीतला किमान वीस टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचा. २०२० मध्ये ही तरतूद रद्द झाली आणि तिच्या जागी शेजाऱ्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली. मला हा बदल फार मोठे पाऊल मागे गेल्यासारखा वाटतो. भरपाई घेणारा शेजारी चक्कीने यंदा किती वीज दिली हे विचारत नाही, भागीदार विचारतो. सध्या महाराष्ट्रात सौर आणि पवन प्रकल्पांसाठी गावोगाव जमिनींचे करार होत आहेत. त्यांत भाड्याच्या आकड्याबरोबर दोन ओळी आणखी हव्यात: प्रकल्पात गावाचा भाग किती, आणि दर महिन्याच्या निर्मितीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोण लावणार. आज सभागृहात सरपंच आहेत, दूध संघांचे संचालक आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. करार सहीला येण्याआधी या दोन ओळींची मागणी करावी, एवढी माझी विनंती आहे.